यादी कोण करतं, सही कोण करतं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात ‘लष्करातली कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मित्रराष्ट्रांची धोरणं’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, “हा विषय आपल्या शिबिरात कशाला गं? आपल्याकडे कौटुंबिक हिंसेच्या केसेस पडून आहेत, रेशनचे प्रश्न आहेत. अमेरिका नि इंग्लंड त्यांच्या सैन्यात कुठला संगणक वापरतात, याच्याशी आपला काय संबंध?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आत्ताच एका वाक्यात देत नाही, बोलण्याच्या ओघात ते येईल.

मी शस्त्रास्त्रांची तज्ज्ञ नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली, वस्त्यांमधून काम करणारी बाई आहे. पण तुमच्यासारखीच मलाही सरकारी कागद वाचायची खोड लागलेली आहे. नवा जी.आर. आला की आपण काय करतो? प्रस्तावनेतली गोड भाषा सोडून देतो. जबाबदारी कोणाच्या नावावर टाकली आहे, मुदत किती आहे आणि ‘अपवादात्मक परिस्थितीत’ हे शब्द कुठल्या कलमात दडले आहेत, तेवढं शोधतो. त्याच नजरेने मी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांची या विषयावरची धोरणं वाचली. हे सगळे ‘नाटो’ या लष्करी कराराने बांधलेले देश, एका बाजूने लढणारे. तरीही त्यांचे कागद एकसारखे नाहीत. आणि फरक आहे तो मुख्यतः एका शब्दाभोवती. तो शब्द म्हणजे ‘माणूस’.

आधी थोडं समजून घेऊ. संगणकाला लाखो नमुने दाखवले की तो त्यातून एक साचा उचलतो आणि नवीन काही समोर आलं की ते त्या साच्याशी जुळतं का, ते सांगतो. सैन्यात याचे उपयोग पुष्कळ. ट्रकचा कुठला भाग कधी बिघडेल हे सांगणं, उपग्रहाच्या चित्रांतून रणगाडे वेचणं, वगैरे. त्यावर फारसा वाद नाही. वाद दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे शस्त्रानेच आपलं लक्ष्य शोधायचं आणि त्यानेच मारायचं. ज्यांना जगभर ‘किलर रोबो’ म्हणतात ती ही शस्त्रं. दुसरा प्रकार असा, की माणसांच्या माहितीचा ढीग चाळून संगणकाने ‘हा मारण्याजोगा’ अशी यादी करून द्यायची, बॉम्ब मात्र माणसाने टाकायचा. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा, कारण धोरणांच्या कागदांत त्याचा उल्लेख फार कमी सापडतो.

नाटोने ऑक्टोबर 2021 मध्ये आपलं धोरण जाहीर केलं आणि जुलै 2024 मध्ये ते सुधारलं. त्यात सहा तत्त्वं आहेत. वापर कायद्याला धरून असावा, जबाबदारी ठरलेली असावी, निर्णयाचं कारण सांगता यावं आणि माग काढता यावा, यंत्र भरवशाचं असावं, ते ताब्यात राहावं, आणि त्यातले पूर्वग्रह कमी करावेत. कोण नाही म्हणेल? पण तत्त्वांचा अर्थ प्रत्येक देशाने आपापला लावायचा आहे, आणि खरी गंमत तिथे आहे.

अमेरिकेचा कागद सगळ्यात जुना आणि सगळ्यात तपशीलवार. संरक्षण खात्याचा 3000.09 क्रमांकाचा आदेश नोव्हेंबर 2012 मध्ये निघाला आणि जानेवारी 2023 मध्ये सुधारला गेला. पुष्कळांचा समज असतो, की या आदेशाने किलर रोबोंवर बंदी घातली. तसं काही नाही. बळाचा वापर करताना ‘योग्य त्या पातळीची मानवी निर्णयबुद्धी’ असावी, एवढंच तो सांगतो. योग्य पातळी कोणती, ते सैन्यानेच ठरवायचं. काही स्वयंचलित शस्त्रांना वरिष्ठ अधिकाऱ्यांची खास मंजुरी लागते, आणि निकडीची लष्करी गरज असेल तर ती मंजुरीही माफ होऊ शकते. सापडलं ना कलम? आता युद्धात निकड नसलेला दिवस कुठला, हे त्यांनाच विचारावं लागेल.

ब्रिटनचा कागद जून 2022 चा. त्याची भाषा जास्त निसरडी आहे. ‘संदर्भाला साजेसा मानवी सहभाग’ नसलेली शस्त्रं आम्हाला मान्य नाहीत, असं तो म्हणतो. पण ‘सहभाग’ म्हणजे ‘ताबा’ नव्हे. लग्न ठरवताना मुलीचाही सहभाग असतो, ती चहा घेऊन येते. शिवाय स्वयंचलित शस्त्र म्हणजे काय, याची कामापुरती व्याख्यासुद्धा सरकारने केलेली नव्हती. हे मी म्हणत नाही. त्यांच्याच लॉर्ड्स सभागृहाने नेमलेल्या समितीने डिसेंबर 2023 च्या अहवालात त्यावरून सरकारला टोकलं.

फ्रान्सने त्यातल्या त्यात सरळ बोलून दाखवलं. 2019 मध्ये फ्लोरान्स पार्ली या तिथल्या संरक्षणमंत्री होत्या. जिवंत ठेवायचं की मारायचं हा निर्णय आम्ही पूर्ण स्वायत्त यंत्रावर सोडणार नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं. एका बाईने हे म्हटलं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग एप्रिल 2021 मध्ये त्यांच्याच खात्याच्या नीती समितीचं मत आलं. समितीने शस्त्रांचे दोन गट केले, पूर्ण स्वायत्त आणि अंशतः स्वायत्त. पहिल्याला नकार, दुसऱ्याला काही अटींवर वाट मोकळी. म्हणजे जे शस्त्र कुठल्याही सेनापतीला नकोच असतं, कारण ते त्याचंही ऐकणार नाही, त्याच्यावर बंदी. आणि जे हवं असतं ते चालू. बाई मंत्री झाली म्हणून खातं बाईच्या बाजूचं होत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

जर्मनीच्या 2018 आणि 2021 अशा दोन्ही सत्ताधारी आघाड्यांच्या करारांत माणसाच्या हाताबाहेरची शस्त्रं नामंजूर असल्याचं वाक्य होतं. नेदरलँड्स ‘अर्थपूर्ण मानवी ताबा’ हा शब्द वापरतं. तिथल्या सरकारच्या सल्लागार मंडळाने 2015 मध्येच त्यावर अहवाल दिला होता. माझ्या मते सगळ्यांत हा शब्द चांगला, कारण ताबा अर्थपूर्ण होता की नाही असा प्रश्न त्यातून निदान विचारता तरी येतो.

युरोपीय संघाचा तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर अख्खा कायदाच आहे, 2024 चा. त्यात नोकरीसाठी आलेले अर्ज चाळणारा संगणक ‘जास्त धोक्याचा’ धरला आहे. त्याची तपासणी हवी, नोंदी हव्यात, माणसाची देखरेख हवी. छान आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लष्करी वापर सरळ वगळला आहे. म्हणजे कोणाला नोकरीसाठी निवडायचं ती यादी कायद्याच्या कक्षेत, आणि कोणाला मारायचं ती यादी कक्षेबाहेर.

आता त्या यादीकडे येऊ. इस्रायल नाटोत नाही, पण अमेरिकेचं जवळचं मित्रराष्ट्र आहे. एप्रिल 2024 मध्ये ‘+972’ या इस्रायली आणि पॅलेस्टिनी पत्रकारांच्या नियतकालिकाने एक वृत्तांत छापला. नावं गुप्त ठेवलेल्या सहा इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. त्यांच्या सांगण्यानुसार, 2023 मध्ये गाझावरचं युद्ध सुरू झालं तेव्हा ‘लॅव्हेंडर’ नावाच्या यंत्रणेने तिथल्या 37,000 पर्यंत माणसांवर संशयित लढवय्ये म्हणून खूण केली. यंत्रणा दहातल्या एका वेळी चुकते, हे ठाऊक होतं. तरी एकेका नावासाठी अधिकारी जेमतेम 20 सेकंद द्यायचे. त्या 20 सेकंदांत काय तपासायचे? तर समोरचं लक्ष्य पुरुष आहे ना, एवढंच. पुरुष असेल तर पुढे.

आणखी एक यंत्रणा होती. यादीतला माणूस घरी कधी पोचतो, हे ती सांगायची. तिचं नाव इंग्रजीत ‘बाबा कुठे आहेत?’ असं होतं. रात्री घरी, बायकोपोरांत असताना त्याला गाठणं सोपं, म्हणून घरावर बॉम्ब. यादीतल्या खालच्या दर्जाच्या एका माणसामागे 15 ते 20 सामान्य माणसं मेली तर चालतील, असंही ठरलेलं होतं, असं हे अधिकारी सांगतात. इस्रायली सैन्याने याचा इन्कार केला आहे. ही लक्ष्यांची यादी नव्हे, माहिती पडताळण्याचं साधन आहे, आणि प्रत्येक लक्ष्याची तपासणी माणूसच करतो, असं त्यांचं म्हणणं.

सैन्याचं हे शेवटचं वाक्य खरं धरून चाला. माणूसच करतो. मग मी आत्ता वाचून दाखवलेल्या धोरणांपैकी कोणतं धोरण मोडलं? शस्त्र स्वतःहून सुटलं नाही, बॉम्ब वैमानिकाने टाकला, नावाला अधिकाऱ्याने मंजुरी दिली. अमेरिकेची ‘योग्य पातळी’ आहे, ब्रिटनचा ‘सहभाग’ आहे, फ्रान्सच्या हिशेबात तर हे स्वायत्त शस्त्रच नाही. या मित्रराष्ट्रांची ताबारेषा बंदुकीच्या चापाभोवती आखलेली आहे. यादी त्या रेषेच्या बाहेर तयार होते, आणि चापापाशी पोचते तेव्हा तिच्यावर सही करण्यापुरता माणूस शिल्लक असतो.

अशी सही आपल्याला चांगली ठाऊक आहे. 73व्या घटनादुरुस्तीनंतर बायका सरपंच झाल्या आणि किती गावांत नवरेच ‘सरपंचपती’ म्हणून खुर्चीत बसले! सही बाईची, शिक्का बाईचा, ठराव नवऱ्याचा. कुटुंबनियोजनाच्या शिबिरात टेबलावर झोपवता झोपवता घेतलेला अंगठा आठवा. कागदावर संमती पूर्ण असते. म्हणून आपण केसमध्ये ‘सही आहे का’ एवढं विचारून थांबत नाही. तिला कागद वाचून दाखवला का, नाही म्हणायची सोय होती का, नाही म्हटलं असतं तर तिचं काय झालं असतं, हे विचारतो. हेच प्रश्न त्या 20 सेकंदांच्या अधिकाऱ्यालाही विचारायला हवेत.

मागे आमच्या वस्तीतल्या एका विधवा बाईची निराधार पेन्शन अचानक बंद झाली. तिला घेऊन मी एका कचेरीत गेले. बाई समोर बाकावर बसलेली, आणि कारकून पडद्याकडे बघून म्हणाला, “यांचं मयत लागलंय.” मी म्हटलं, अहो, त्या इथे बसल्यात. तो म्हणाला, “मला दिसतायत, पण सिस्टीम घेत नाही.” हयातीचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा, अर्जावर अर्ज करून पैसे सुरू व्हायला चार महिने लागले. तो कारकून दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे रांग होती, वरून तगादा होता आणि यादीवर अविश्वास दाखवायचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. गाझातल्या यादीत ज्याचं नाव चुकून लागलं, त्याला दाखला घेऊन परत यायला चार महिने मिळत नाहीत.

सकाळच्या प्रश्नाचं माझं एक उत्तर हे आहे. दुसरं उत्तर त्या ‘पुरुष आहे ना’मध्ये आहे. पुरुष असणं हाच संशयाचा पुरावा, ही गोष्ट संगणकाने शोधलेली नाही. अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांत मेलेले लढाऊ वयाचे सगळे पुरुष शत्रूच्या खात्यावर मांडले जात होते, असं 2012 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं. यंत्राला हीच समजूत शिकवली की ती दिवसाला शेकडो नावांना लागू करता येते. सोळा वर्षांचा पोरगा, भाकरी आणायला गेलेला भाऊ, सगळे त्यात येतात. ‘बायका आणि मुलं निरपराध’ असं आपण निषेधाच्या पत्रकांत लिहितो तेव्हा आपणही नकळत त्याच साच्याला हातभार लावतो, असं मला वाटतं. यावर वाद घालायचा असेल तर चर्चेत जरूर घालू.

आणि घर. बाईला घरात सुरक्षित समजू नका, हे आपण किती वर्षं सांगतोय. इथे घर धोक्याचं झालं ते तो घरी परत आला म्हणून. ‘बाबा कुठे आहेत’ हा लेकरांच्या तोंडचा प्रश्न त्यांनी यंत्राचं नाव म्हणून उचलला. ते ठेवणाऱ्याला त्यात विनोद दिसला असणार.

इथे एक सापळा आहे. नाटोच्या सहा तत्त्वांत ‘पूर्वग्रह कमी करणं’ आहे, आणि आपल्या बाजूच्या काही चांगल्या अभ्यासक बायका तिकडे ओढल्या जातात. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये दाखवून दिलं, की चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणारे कार्यक्रम गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त 0.8 टक्के चुकत होते आणि काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. काम मोलाचं आहे. पण त्यावरून ‘मारायची यादी पूर्वग्रहमुक्त करा’ अशी मागणी करणं म्हणजे हुंड्याचा दर सगळ्या जातींत सारखा ठेवा म्हणण्यासारखं आहे.

मग मागायचं काय? 1915 च्या एप्रिलमध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, बारा देशांतल्या अकराशेहून जास्त बायका नेदरलँड्समध्ये हेग शहरात जमल्या. एकमेकींचे देश लढत होते. लढणाऱ्या सरकारांमध्ये तटस्थ देशांनी सतत मध्यस्थी करावी, असा ठराव करून त्यांची शिष्टमंडळं मंत्र्यांच्या दारोदार फिरली. त्यातून शांतता आणि स्वातंत्र्यासाठीची आंतरराष्ट्रीय महिला संघटना उभी राहिली. ती आजही शस्त्रांवरच्या वाटाघाटींत बसते आणि किलर रोबोविरोधी मोहिमेतही आहे. त्याच हेगमध्ये फेब्रुवारी 2023 मध्ये नेदरलँड्सने दक्षिण कोरियाच्या साथीने सरकारांची परिषद भरवली, लष्करात कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘जबाबदार वापर’ कसा करावा यावर. वापर करावा का, हा प्रश्न ‘जबाबदार’ या शब्दातच संपला होता. अमेरिकेने तिथे एक राजकीय जाहीरनामा मांडला. पुढे 50हून अधिक देशांनी तो मान्य केला, पण तो कोणावर बंधनकारक नाही. पहिल्या मसुद्यात अण्वस्त्रांच्या निर्णयावर माणसाचाच ताबा राहील असं वाक्य होतं, नोव्हेंबरच्या मसुद्यात ते गळालं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी ते वचन 2022 मध्ये वेगळं दिलेलं आहे हे खरं, पण जिथे बाकीच्यांनाही बांधता आलं असतं तिथून ते काढलं गेलं.

बंधनकारक करार हवा, ही मागणी संयुक्त राष्ट्रांत ऑस्ट्रियासारखे देश लावून धरताहेत. डिसेंबर 2023 मध्ये आमसभेत स्वायत्त शस्त्रांवर पहिला ठराव झाला. बाजूने 152, विरोधात 4, तटस्थ 11. अमेरिका तेव्हा बाजूने होती. नोव्हेंबर 2025 मध्ये आमसभेच्या पहिल्या समितीत याच विषयावर तिने रशियाबरोबर विरोधात मत दिलं. मित्रराष्ट्रांचे कागद सारखे नाहीत म्हटलं ते यासाठी, एकाच देशाचा कागद दोन वर्षांत सारखा राहत नाही. करार झाला तरी तो टिकतोच असंही नाही. भूसुरुंगबंदीचा 1997 चा करार हे जोडी विल्यम्स आणि त्यांच्या साथींचं केवढं यश! पण 2025 मध्ये पोलंड, फिनलंड आणि तीन बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. त्यांची भीती खोटी नाही, युक्रेनकडे बघून ते बोलताहेत. तरीही त्या सुरुंगांवर पाय कोणाचा पडणार, ते सरपण आणायला जाणाऱ्या बायका सांगतील.

आणि 2023 च्या त्या चार विरोधी मतांत रशिया, बेलारूस, माली यांच्याबरोबर चौथा देश कोणता? भारत. हा विषय जिनिव्हातल्या जुन्या परिषदेतच राहू द्या, समांतर चूल मांडू नका, ही आपली भूमिका. त्या परिषदेच्या तज्ज्ञगटाचं अध्यक्षपद 2017 आणि 2018 मध्ये भारताकडेच होतं. पण तिथे सर्वसंमतीशिवाय पान हलत नाही. युद्धात सामान्य माणसांचं संरक्षण वाढवणारा आणि नवीन शस्त्राची कायदेशीर तपासणी सक्तीची करणारा 1977 चा जिनिव्हाचा पुरवणी करारही आपण स्वीकारलेला नाही. दुसरीकडे 2019 पासून आपल्याकडे संरक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळी परिषद आहे, जुलै 2022 मध्ये अशी 75 उत्पादनं समारंभाने जाहीर झाली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती विश्वासार्ह आहेत का ते जोखण्याची चौकट आली. अमेरिकेचा आदेश कितीही सैल असो, तिथली बाई तो वाचू शकते आणि कलम दाखवून भांडू शकते. शस्त्रावर माणसाचा ताबा किती आणि कोणाचा, हे बांधून सांगणारा तसा सविस्तर आदेश भारत सरकारने लोकांपुढे ठेवलेला नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तर आठव्या कलमातली देशाच्या सुरक्षेची सबब पुढे येणार, म्हणून खासदारांमार्फत विचारावं असं मला वाटतं. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती त्यासाठीच आहे.

प्रश्न मी लिहून आणले आहेत. यादी करणारी यंत्रणा धोरणात धरली आहे का? मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला किती वेळ मिळणार, आणि नकार दिला तर त्याची नोंद राहणार का? यंत्राला शिकवायला कोणाची माहिती वापरली, त्यात मोबाइलची आणि ओळखपत्राची माहिती आहे का? चूक झाली तर मागे राहिलेल्या बाईने कोणत्या दारात जायचं? जेवणानंतर हे प्रश्न आपण एकत्र बसून नीट करू. हे सगळे कागद इंग्रजीत आहेत, त्यांचं सोपं मराठी करायला ज्यांना जमेल त्यांनी माझ्याकडे नावं द्या. निदान चौघीजणी लागतील.